कोंबडीसाठी कोणी फोन करते काय?

एरवी मी इथं रस्ता, मोबाइलचा टॉवर, रेशन, एसटीच्या वेळा असलं लिहितो. आज कोंबडीवर लिहितोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी सेमाडोह अन् आजूबाजूच्या ढाण्यांवरच्या लोकांसाठी कामाची गोष्ट आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रात्रीपासून झड लागलेली. माझं परतवाडा–धारणी रस्त्यावर चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पोहे, भजे, पावसाळ्यात फिरायला येणाऱ्यांसाठी कधी मॅगी. उरलंसुरलं मी मागच्या बाजूला फेकायचो आणि तिथं तीन-चार कुत्रे कायमचे मुक्कामाला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

साडेसहाच्या सुमारास मागं एकदम कालवा झाला. धावत गेलो तर आमच्याच पोह्यावर पोसलेला पिवळा कुत्रा झिपरीला तोंडात धरून ओढत होता. लाकूड फेकून मारलं तेव्हा सोडलं. झिपरी सागाच्या फाट्यांच्या ढिगाखाली घुसली अन् तिथंच बसून राहिली. बाहेर काढली तेव्हा पाहवेना. दोन्ही पंखांच्या मधून शेपटीपर्यंत पाठीचं कातडं फाटून बाजूला लोंबत होतं, तळहाताएवढं. आतलं लाल मांस उघडं. डावा पंख जमिनीला घासत होता. आवाज मात्र काही नाही. कोंबडी दुखणं दाखवत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं संपलीच.

माय दारातूनच म्हणाली, "कायले हाल करतं तिचे? कापून टाक. रस्सा तरी होईन." मायचं काही चुकलं नाही. आमच्या घरी हेच होत आलं आहे. मीही सुरी घेतली होती, खोटं कशाला सांगू.

पण झिपरी ही साधी कोंबडी नव्हती. दोन वर्षांआधी माझी पोरगी टायफॉइडमधून उठली तेव्हा नुसती काडी झाली होती. तेव्हा वरच्या ढाण्यावरची कोरकू आजी, जिच्याशी आमचं फक्त चहा-साखरेपुरतं बोलणं, ती एक तलंग काखेत घेऊन आली. कोरकूत कोंबडीला 'सिम' म्हणतात, एवढा एक शब्द मला तिच्याकडून आला. "अंडा खिलाओ छोरी को," म्हणाली अन् निघून गेली. पैसे घेतले नाहीत. डोक्यावरची पिसं उभी, म्हणून पोरीनं नाव ठेवलं झिपरी. त्या हिवाळ्यात पोरीनं तिचीच अंडी खाल्ली.

पोरगी सुरीकडं पाहून रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, हिचं अंडं मी खाल्लं ना." सुरी ठेवून दिली.

आता पुढं काय? जनावराच्या दवाखान्याचा एक नंबर होता, लावला. दोन वेळा कटला, तिसऱ्यांदा लागला. समोरचा माणूस आधी हसला. "कोंबडीसाठी कोणी फोन करते काय? कितीची हाये? पाचशेची? मंग नवीन घ्या ना भाऊ." कोण, कुठला, हे लिहीत नाही, कारण त्या माणसावर माझा राग नाही. एकटा माणूस, डोंगरातली इतकी गावं, आणि त्याचा हिशोबही बरोबरच होता. आमच्याकडं गावरान कोंबडी पाचशे-सहाशेला जाते. सेमाडोहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, घाटाचा रस्ता, जाऊन-येऊन पेट्रोल, दिवसभर हॉटेल बंद. कोंबडीच्या किमतीपेक्षा तिला दवाखान्यात नेणं महाग. म्हणून कोणी नेत नाही, म्हणून दवाखान्यात कोंबडी दिसत नाही, म्हणून कोंबडीचं काय करायचं हे कोणाला विचारायची सोय राहत नाही. (१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. तो मला तेव्हा माहीतच नव्हता. आताच सेव्ह करून ठेवा.)

शेवटी आठवले अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्थेत शिकलेले एक डॉक्टर. जंगल पाहायला आले होते तेव्हा हॉटेलात दोन तास बसले होते. नेटवर्कसाठी रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो, भिजत फोटो पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन. पहिलं वाक्य, "हात लावू नका जखमेला. आधी तिला गरम करा."

मी जे-जे करणार होतो ते सगळं उलटं होतं, म्हणून नीट सांगतो. माय हळद-तेल गरम करत होती. मी पट्टी शोधत होतो. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलेलं पाखरू आधी थंडीनं मरतं, जखमेनं नंतर. टोपल्यात सुकं गवत, वरून पोतं, चुलीपासून हातभर दूर, अंधार. दोन तास कोणी पाहायचं नाही. दाणा टाकायचा नाही, नुसतं पाणी, त्यात चिमूटभर मीठ अन् थोडा गूळ, तेही चोचीजवळ थेंब-थेंब. घशात ओतलं तर श्वासनळीत जाते. मी तिच्या अंगाला हात लावून घाबरलो, म्हटलं ताप आहे. ते म्हणाले, कोंबडीचं अंगच ४१ अंशांच्या वर असतं, तुम्हाला ताप वाटेलच.

दुपारी जखम धुतली. पाणी उकळून थंड केलेलं, लिटरभरात दीड लहान चमचा मीठ. सुई काढलेल्या सिरिंजनं धार मारत. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापायची, उपटायची नाहीत. उपटली तर फाटलेलं कातडं आणखी सुटतं. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाचं. हळदीचा लेप थापायला मनाई, कारण खाली घाण दबून राहते आणि वरून जखम बरी दिसते. मायला हे काही पटलं नाही. "हळदीनं कोणाचं वाईट झालं?" म्हणत ती चुलीपुढं बसून राहिली. कातडं शिवायचं काय, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या घाण जखमेला टाका घातला तर आत पू कोंडतो. कोंबडीचं मांस खालून भरून येतं, तुम्ही फक्त ती स्वच्छ ठेवा. आपल्या घरातली दुखण्याची गोळी अजिबात द्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. एक औषध त्यांनी वजन विचारून लिहून दिलं, ते परतवाड्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, नाहीतर उद्या कोणी अंदाजानं पाजेल.

जाता-जाता त्यांनी विचारलं, "बाकीच्या कोंबड्यांना लस दिली का? लासोटा? गावात कोणीच देत नाही? मग एखाद्या दिवशी सगळ्यांच्या एकत्र करून टाका." मी हो-हो म्हटलं. ते वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दोन दिवस झिपरीनं काही खाल्लं नाही. विष्ठा हिरवी पातळ. पोटात दाणा नसला की पित्ताचा रंग असा उतरतो म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी पोतं उचललं अन् वास आला. गोडसर, सडका. बॅटरी मारून पाहिलं तर लोंबणाऱ्या कातड्याच्या खाली अळ्या. तांदळाच्या कणीएवढ्या, पंधरा-वीस, वळवळत होत्या. एक माशी एका दिवसात एवढं करते. मी बाहेर जाऊन ओकलो. माझी माय, जी कापून टाक म्हणत होती, तिनं पदर खोचला, चिमटा उकळला अन् चष्मा लावून एकेक अळी वेचली. पाऊण तास. पोरीनं बॅटरी धरली. मी झिपरीला धरून बसलो होतो, तिचं काळीज हाताला लागत होतं. मधे एकदा माय म्हणाली, "माणसाच्या पायाले असं झालं तेव्हाही आम्ही हेच केलं." कोणाच्या पायाला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टोपल्यावर ताणून बांधला. पंधरा रुपयांचीही वस्तू नाही, पण ती पहिल्या दिवशी बांधली असती तर हे झालं नसतं. पावसाळ्यात कोणाच्या कोंबडीला, बकरीला, कशालाही जखम झाली तर आधी माशी अडवा. बाकी औषध नंतर.

त्याच दुपारी वरच्या ढाण्यावरची आजी आली. तिला कोणी सांगितलं होतं. पळसाच्या पानात बांधून उधई आणली होती, वारुळ फोडून. पान उघडून टोपल्यात ठेवलं. झिपरीनं मान वाकडी केली, एका डोळ्यानं पाहिलं, अन् टक् करून चोच मारली. मग दुसरी. तीन दिवस मी गूळ-पाणी, भाताची पेज, बारीक ज्वारी सगळं करून पाहिलं होतं. आजी उठली अन् म्हणाली, "अब नहीं मरेगा." त्यानंतर आठ दिवस ती रोज उधई आणत होती. एका दिवशी भर पावसात.

पुढचं भराभर सांगतो. सहाव्या-सातव्या दिवशी जखमेच्या तळाशी दाणेदार लाल मांस आलं. लोंबणारं कातडं काळं पडून आपोआप गळालं. दोन आठवड्यांनी काळी खपली, तिसऱ्या आठवड्यात कडेनं नवी पिसं, काटे फुटावे तशी. पंख मोडला नव्हता, मुरगळला होता. तिला परत बाकीच्या चारजणींत सोडायचं म्हणजे वेगळंच नाटक. कोंबड्यांना रक्त, उघडं मांस दिसलं की त्या टोचतात, आपली-परकी पाहत नाहीत. आणि इतके दिवस दूर राहिलेली परत आली की तिला नव्यानं मार खाऊन आपली जागा मिळवावी लागते. म्हणून आधी चार दिवस तिचं टोपलं त्यांच्यामधे ठेवलं, दिसेल पण टोचता येणार नाही असं. मग संध्याकाळी, त्या खुराड्यात शिरताना, हळूच सोडली. सकाळी सगळ्याजणी एकत्रच बाहेर आल्या.

मी तिचे फोटो टाकले होते, तुम्हीही पाहिले असतील. पाच-सहाशे लाइक आले. एकानं लिहिलं, "मेळघाटात पोरं मरतात अन् तुम्ही कोंबडीचे लाड करा." तेव्हा मी चिडून उत्तर दिलं होतं. आता तसं देणार नाही. तुम्हाला मिझोराममधल्या सैरांगचा तो सहा वर्षांचा पोरगा आठवत असेल. २०१९ मध्ये त्याच्या सायकलखाली शेजाऱ्याचं पिल्लू आलं, तर एका हातात ते पिल्लू अन् दुसऱ्या हातात दहाची नोट घेऊन तो दवाखान्यात गेला होता. देशभर तो फोटो फिरला. मीही शेअर केला, डोळ्यात पाणी वगैरे. पिल्लू आधीच मेलं होतं. गोड फोटो होता म्हणून आपण थांबलो, तिथंच थांबलो. मी झिपरीचं तेच केलं.

कारण दसऱ्यानंतर वरच्या ढाण्यावर मानमोडी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मानमोडी म्हणजे रानीखेत रोग. उत्तराखंडातल्या रानीखेतवरून नाव पडलं, बाहेरच्या देशांत त्यालाच न्यूकॅसल म्हणतात. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवी पातळ हगते, मान पिळवटते, चालता-चालता मागं पडते. त्यावर औषध नाही. जगात कुठंच नाही. फक्त लस आहे, ती आधी द्यावी लागते. आजीच्या अकरा कोंबड्या चार दिवसांत गेल्या. शेजारच्या दोन घरांच्याही गेल्या. मी गेलो तेव्हा ती अंगणात बसली होती, खुराड्याचं दार उघडंच. मला पाहून म्हणाली, "तेरा अच्छा है?" म्हणजे झिपरी. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांनी दीड महिना आधी सांगितलेलं माझ्याजवळ होतं अन् मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. एका कोंबडीसाठी मी वळणावर भिजत उभा राहिलो, अकरांसाठी वरच्या ढाण्यापर्यंत चालत गेलो नाही.

अकरा कोंबड्या म्हणजे काय ते शहरातल्या मित्रांसाठी लिहितो. बाईचं स्वतःचं असं घरात फार काही नसतं. बैल नवऱ्याचे, वावर असलं तर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कोंबडी तिची. पोराला ताप आला, एक विकली, परतवाड्याचं भाडं झालं. वही-पेन, बांगड्या, पाहुणा, देवाचं, सगळं त्यातूनच. अंगणवाडीत अमृत आहारातून लेकरांना अंडं मिळतं ते चांगलंच आहे. पण घरचं अंडं सुट्टीच्या दिवशीही मिळतं. म्हणून पोरं अन् कोंबड्या हे दोन वेगळे विषय आहेत असं मला आता वाटत नाही. वाघानं गाय, बैल मारला तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. मानमोडीनं अख्खं खुराडं रिकामं केलं तर कुठल्या कागदावर त्याची ओळसुद्धा उमटत नाही.

सरकारला गावरान कोंबडी दिसते ती एकाच वेळी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. तेव्हा पांढरे सूट घातलेली पथकं आसपासच्या घरांत पोचली, परसातली एकेक कोंबडी शोधून मारली गेली. ते करावंच लागतं, मला मान्य आहे. पण याचा अर्थ घरोघर जाता येतं, कोंबड्या मोजताही येतात. वाटपाच्या योजनाही येतात, वनराजा, गिरिराज पिल्लं मिळतात. वाटलेलं पिल्लू सहा महिन्यांनी जिवंत आहे काय हे पाहायला आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

बरं, लस महाग आहे काय? अजिबात नाही. पुण्यात औंधला सरकारी संस्थेतच रानीखेतची लस बनते. अडचण वेगळीच आहे. लस बर्फात आणावी लागते, २ ते ८ अंशांत. बाटली शंभर कोंबड्यांची किंवा त्याहून मोठी. एकदा फोडली की दोनेक तासांत संपवायची, उरली तर फेकायची. ज्या बाईकडं आठ कोंबड्या आहेत तिनं ब्याण्णव डोस फेकायचे? म्हणून एकटा-दुकटा कोणी मागत नाही, अन् मागत नाही म्हणून येत नाही. यावर उपाय एकच, सगळ्या ढाण्याच्या कोंबड्या एकाच पहाटे.

डिसेंबरात आम्ही ते करून पाहिलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी परतवाड्यापर्यंत सोय लावली. तिथून बर्फाच्या थर्मासात बाटली पहिल्या एसटीनं येणार होती, पण सकाळपर्यंत कोंबड्या पांगतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मीच गाडीवर आणली अन् रात्रभर हॉटेलच्या फ्रीजमधे ठेवली, दोनदा उठून लाईट आहे का पाहिलं. एका पशुसखी ताईनं सोबत येऊन हात बसवून दिला. पहाटे साडेपाचला अंधारात, खुराड्याच्या तोंडाशी बसून, एकेक कोंबडी काढायची, डोळ्यात एक थेंब, तिनं पापणी मिटेपर्यंत थांबायचं, सोडून द्यायची. सात वाजता बाटली संपवली. शहाऐंशी कोंबड्या. पशुसखी ताईंना दिवसाचे पैसे कोणी दिले नाहीत, त्यांनी एक चहा घेतला. हे बरोबर नाही. आमदार, जिल्हा परिषदेतले साहेब लोक ही पोस्ट वाचत असतील तर नवीन योजना नको. प्रत्येक पशुसखीला एक चांगला थर्मास, लसीचा ठरलेला दिवस आणि त्या दिवसाची मजुरी, एवढं करा.

झिपरी जानेवारीत खुडुक बसली. तिच्या पाठीवर एक पट्टा अजून उघडाच आहे, तिथं पिसं येत नाहीत. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली, एक घारीनं नेलं. पाच आजीकडं पोचवली, लस देऊन. आजीनं घेतली, मोजली अन् म्हणाली, "ग्यारह था." मी म्हटलं, बाकीची पुढच्या खेपेला. ती उधारी अजून माझ्यावर आहे. हॉटेलमागं आता खड्डा खणून झाकण लावलं आहे, उरलेलं त्यातच जातं. पिवळा कुत्रा दोन दिवस रुसून बसला, मग कुठंतरी गेला.

तर कामाची गोष्ट. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला दुसरी खेप आहे. यावेळी वरचा ढाणा अन् रस्त्याकडची घरं दोन्ही. शनिवारी रात्री कोंबड्या डालून ठेवा, मोकळ्या सोडू नका. पाय दोरीनं आवळू नका, टोपल्याखाली राहू द्या. जी कोंबडी मलूल आहे, शेंबूड आहे, ती वेगळी ठेवा अन् आधी सांगा. तिला लस देत नाहीत. मेलेली असेल तर नाल्यात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. किती कोंबड्या आहेत तो आकडा शुक्रवारपर्यंत हॉटेलवर सांगून ठेवा, म्हणजे बाटली शंभराची आणायची की दोनशेची ते ठरवता येईल. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांना तुम्ही चालत जाऊन सांगा. वरच्या ढाण्यावर मी जातो आहे.